चारच्या वायरलेसवर माझा फॉर्म

माझ्या आईला चौदा मोबाईल नंबर तोंडपाठ आहेत आणि तिच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही. सतरा वर्षं मी तिच्याबरोबर एकाच घरात राहते, एकाच चुलीवरची भाकरी खाते, आणि मला हे कळलं यंदाच्या तीस एप्रिलला, दुपारी दीड वाजता, तलासरी नाक्यावर.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते, कारण चूक माझीच होती. मी योगिता. बारावी सायन्सची परीक्षा दिली, मग पंचवीस एप्रिलला सीईटी दिली. अकरावीपर्यंत मी वर्गात हात वर करत नव्हते. उत्तर येत असलं तरी वहीत लिहून वही बंद करायचे. मग निर्मला मॅडमनी मला एक दिवस फळ्यापाशी उभं केलं आणि संभाव्यतेचं एक गणित सोडवायला लावलं. टोपलीत इतके लाल चेंडू, इतके पांढरे, असलं काहीतरी. मी ते सोडवलं, आणि पुस्तकातलं उत्तर चुकलंय असंही सांगितलं. मॅडमनी तपासलं तर खरंच चुकलं होतं. त्या दिवसापासून माझं तोंड जे सुटलंय ते बंद होत नाही असं घरचे म्हणतात. मलाही तसंच वाटतं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मला संख्याशास्त्र शिकायचं आहे. मॅडमनीच शोधून काढलं की पुण्यातलं एक विद्यापीठ सीईटीचा स्कोर यायच्या आधीच पहिल्या फेरीचे अर्ज घेतं. स्कोरच्या रकान्यात ‘प्रतीक्षेत’ अशी खूण करायची, जूनमध्ये स्कोर आला की तो जोडायचा. या पहिल्या फेरीत अर्ज करणाऱ्यांसाठीच पाच जागा अशा होत्या की फी माफ आणि वसतिगृह मोफत. दुसऱ्या फेरीत यातलं काही नाही. म्हणजे माझ्यासाठी दुसरी फेरी असून नसल्यासारखी. अर्जाची शेवटची तारीख तीस एप्रिल, संध्याकाळी पाच.

हे आई, बाबा आणि मॅडम सोडून कोणालाही माहीत नव्हतं. मी कोणाला सांगणारही नव्हते. त्याला कारण आमच्या पाड्यावरचा रूपेश. दोन वर्षांपूर्वी त्याने परीक्षा दिल्या दिल्या सगळीकडे सांगून टाकलं की मी इंजिनीअर होणार. मग स्कोर आला आणि तो वापीच्या कंपनीत पॅकिंगला लागला. चांगलं काम आहे, पण पाड्यावर अजून त्याला कोणी रूपेश म्हणत नाही. लग्नात पंगत वाढायला उभा राहिला तरी, ए इंजिनीअर, इकडं भात आण. मी इतकी धीट झाले होते की कलेक्टरसमोरही बोलले असते, पण ही एक गोष्ट मात्र मी पोटात ठेवली होती. स्कोर आला आणि चांगला आला, तरच तोंड उघडायचं.

आता चूक सांगते. आमच्याकडे कुठल्याही फॉर्मवर मोबाईल नंबर म्हणून बापाचा नंबर लिहितात. रेशन कार्ड, आधार, शाळेचा दाखला, गॅस, सगळीकडे. घराचा नंबर म्हणजे बापाचा नंबर, त्यात विचार करण्यासारखं काय असतं? आणि आमच्या पाड्यावरचे निम्मे बाप खलाशी आहेत. पावसाळा संपता संपता गुजरातच्या बंदरांत जातात, शेठच्या बोटीवर चढतात आणि मे संपता संपता परत येतात. मधे फक्त होळीला घरी. मी विद्यापीठाच्या साईटवर नाव नोंदवलं ते होळीला. बाबा शेजारी बसले होते, ओटीपी त्यांच्या फोनवर टुणकन आला, त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि त्यांना फार मजा वाटली. मग होळी झाली, बाबा वेरावळला गेले आणि घराचा नंबरही त्यांच्याबरोबर गेला. जाण्याआधी त्यांनी मला अभ्यासाला एक जुना स्मार्टफोन घेऊन दिला. पण फॉर्मवरचा नंबर बदलायला हवा, हे माझ्या या हुशार डोक्यात आलं नाही.

बाकी फॉर्म मी भरून ठेवला होता. सीईटीचा पेपर कसा जातो ते बघून मगच शेवटचं बटण दाबायचं असं ठरवलं होतं. पेपर चांगला गेला. मग दाखले स्कॅन करण्यात तीन दिवस गेले. शेवटी तीस तारखेला एक वाजता नाक्यावरच्या नविनभाईच्या सेवा केंद्रात बसून मी सगळं जोडलं आणि ‘सादर करा’ दाबलं. स्क्रीनवर आलं की नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे, दहा मिनिटांत भरा.

नविनभाईने विचारलं, हा नंबर कोणाचा. मी सांगितलं, बाबांचा. तो म्हणाला, मग लाव फोन. मी म्हटलं, बाबा समुद्रात आहेत. नविनभाईने माऊसवरचा हात काढून घेतला.

फोन लावलाच. बंद. नंबर बदलायचा प्रयत्न केला, तर साईट म्हणाली की बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर एका ताईने फार गोड आवाजात सांगितलं की नंबर बदलायला तीन कामाचे दिवस लागतात. मी तिला म्हटलं, माझ्याकडे साडेतीन तास आहेत. ती म्हणाली, तुमचा दिवस शुभ जावो.

मी धावत आईकडे गेले. एप्रिलमध्ये आई नाक्यावर ताडपत्रीखाली ताडगोळे विकायला बसते. शेजारी बारकी मावशी बसते, तिची करवंदं असतात. आई ताडाचं फळ डाव्या हातात धरून कोयत्याने असं सोलते की आतला गोळा दुखावत नाही, पाणीसुद्धा सांडत नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसून सगळं एका दमात सांगितलं. ओटीपी म्हणजे काय हे सांगायला थांबले, तर ती म्हणाली की ते मला माहीत आहे, गॅसला येतो. मग मी रडायला लागले. तिने कोयता खाली ठेवला.

“किती वाजेपर्यंत?”

“पाच.”

“मग चारचा वायरलेस मिळतो,” ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

मला वायरलेस म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. चालता चालता तिने सांगितलं ते असं. रोज दुपारी चार वाजता सगळ्या बोटी बंदरावरच्या शेठच्या ऑफिसशी बोलतात. मासळी किती, बर्फ किती उरला, हवामान कसं. बोट फार लांब असली तर मधली बोट निरोप पुढे देते आणि उत्तर मागे आणते. बाबांची बोट जलज्योत. तिला निघून नऊ दिवस झाले होते, म्हणजे ती लांब असणार, मधली बोट लागणार. हे सगळं तिला कसं माहीत? मी विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की तांदूळ शिजतो हे तुला कसं माहीत.

नविनभाईच्या केंद्रात शिरून ती खुर्चीवर बसली नाही, दाराशीच उभी राहिली. मला म्हणाली, लिही, आणि डोळे मिटून एक नंबर म्हणाली. दोन दोन आकड्यांच्या जोड्या करून, संथ, जात्यावर बसल्यासारखा. मी फोन लावला. तो होता लाडकी काकीचा, झाई गावच्या. काकीचे यजमान जलज्योतचे तांडेल, म्हणजे बोटीवरचे मुख्य. आईने काकीची चौकशी केली, सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारलं, मी इकडे घड्याळाकडे बघत पाय आपटत होते, आणि मग एका वाक्यात काम सांगितलं. काकी म्हणाली, होळीनंतर तांडेलाने सगळ्यांना फोन किनाऱ्यावरच ठेवायला लावले आहेत. खाऱ्या पाण्याने चौघांचे गेले होते. पण कोणी कुठे ठेवलाय हे ज्याचं त्याला ठाऊक.

म्हणजे बाबांचा फोन जमिनीवर होता. कुठेतरी, वेरावळ बंदरात. मला एवढा आनंद झाला की मी नविनभाईच्या पाठीत धपाटा घातला. तो म्हणाला, अजून फोन मिळाला नाही, माझी पाठ तेवढी गेली.

“आणि हे नंबर तुला पाठ कसे?” मी आईला विचारलं.

“माझ्याकडं फोन नाय ना,” ती म्हणाली. “फोन असता तर कशाला पाठ केले असते?”

दुसरा नंबर तिने म्हटला तो शेठच्या ऑफिसचा. तिथे मेहताजी बसतात, हिशोब आणि वायरलेस दोन्ही तेच बघतात. आई त्यांच्याशी गुजरातीत बोलली. मी तिला बाजारात ‘केटला’ आणि ‘आपो’ एवढं म्हणताना ऐकलं होतं. पण ही वेगळीच गुजराती होती, घट्ट, सरळ, मधे ‘शेठ शेठ’ न करणारी. तिने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

मेहताजी नाही म्हणाले. रागाने नाही, समजावून. वायरलेस इंजिन बिघडलं, कोणी आजारी पडलं, यासाठी असतो. आणि मुख्य म्हणजे चारच्या वेळेला खलाशाचं नाव घेऊन हाक मारली की त्याचा एकच अर्थ होतो. घरी कोणीतरी गेलं. गेल्या वर्षी एकाला सोयरीक जमल्याचं सांगायला हाक मारली, तर पुढचं ऐकायच्या आत तो मटकन खाली बसला आणि त्याच्या हातातली दोरी सुटून जाळं गेलं. तेव्हापासून शेठचा हुकूम आहे, नाव घ्यायचं नाही.

हे खरं आहे. आमच्या पाड्यावर सगळ्या बायकांना माहीत आहे. नविनभाईसुद्धा मान हलवत होता.

आईने तो हुकूम ऐकून घेतला. मग म्हणाली की नावाच्या आधी सांगा. लाहू, म्हणजे बाबांचं नाव, म्हणायच्या आधी म्हणा, घरी सगळे बरे आहेत. मग नाव घ्या. आणि लगेच सांगा की पोरगी कॉलेजचा फॉर्म भरते, त्यासाठी फोन पाहिजे. एवढं एका दमात म्हटलं तर कोणाच्या हातून दोरी सुटणार नाही.

मी तिचा दंड धरला. फोनवर हात ठेवून मी कुजबुजले की कॉलेजचं नको सांगू, बँकेचं काम म्हण, गॅसचं म्हण. वायरलेस सगळ्या बोटी ऐकतात. त्या बोटींवर आमच्या पाड्यावरचे सहा जण आहेत, कैनाडचे आहेत, झाईचे आहेत. उद्या त्यातला एक जरी किनाऱ्याला लागला आणि त्याने घरी फोन केला, की झालं. स्कोर अजून यायचाय. तो कमी आला तर मी जन्मभर पंगत वाढत फिरणार.

आईने माझा हात फोनवरून काढला. मेहताजी पलीकडे ऐकत होते, तिला त्याचं काही नव्हतं.

“फॉर्म भरायला स्कोर लागत नाय म्हणालीस ना?”

“नाही लागत.”

“मग सांगायला कशाला लागतो?”

“पण गॅसचं म्हटलं तर काय बिघडतं?” मी म्हटलं.

“खोटं सांगितलं तर तो घाबरेल,” आई म्हणाली. “गॅससाठी कोण वायरलेस लावतं? त्याला वाटेल काहीतरी लपवतात. आणि तू काय चोरी करतेस का?”

मग तिने मेहताजींना विचारलं की तुम्हाला मुलगी आहे का. ते म्हणाले, दोन. एवढंच. ते म्हणाले, चारला दहा कमी असताना फोन करा, चालू ठेवा.

दोन वाजले होते. मला वाटलं आता दोन तास आम्ही इथे बसून देवाचं नाव घेणार. आई परत जाऊन ताडपत्रीखाली बसली आणि सोलायला लागली. मलाही समोर बसवलं. मी मनात गणित मांडत होते. मधली बोट असण्याची शक्यता, बाबांना आठवण्याची, फोन सापडण्याची, चार्ज असण्याची. सगळ्याला अर्धं अर्धं धरलं तरी सोळातून एक. मी आईला तसं सांगितलं. तिने विचारलं की हे तू पुण्याला जाऊन शिकणार का. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग तिथं अजून चांगलं शिकवतील, कारण हे काही खरं वाटत नाही, समुद्रात मधली बोट असतेच. बारकी मावशी इतकी हसली की तिची करवंदं सांडली. अशा रीतीने बारकी मावशीलाही कळलं.

चारला दहा कमी असताना आम्ही पुन्हा केंद्रात. नविनभाईने बाहेरच्या गिऱ्हाईकांना थांबवलं होतं. ते गेले नाहीत, दारातच उभे राहिले. मेहताजींनी फोन वायरलेसच्या पेटीजवळ ठेवला असावा, कारण आधी फक्त खरखर ऐकू येत होती, जसं कोणी पत्र्यावर वाळू ओततंय. मग एकेक बोट बोलू लागली. पापलेट, बोंबील, बर्फ सहा दिवसांचा, वारा वायव्येचा. मला वाटलं, हे आपले लोक आहेत. यांचे आवाज मी होळीत नाचताना ऐकते आणि हे असं काम करतात हे मला माहीतच नव्हतं.

जलज्योत ऐकू येत नव्हती. आईने म्हटलं होतं तसंच झालं, मधल्या बोटीने निरोप घेतला. तिच्यावर कोण होता मला माहीत नाही, घोगरा आवाज, मराठी आपल्या बाजूची.

मेहताजींनी शिकवल्यासारखं म्हटलं, “घरे बधा मजामां छे. बधा मजामां. हवे नाम बोलुं छुं. लाहू, जलज्योत.” आणि पुढचं सगळं सांगितलं, कॉलेज, फॉर्म, पाच वाजता, फोन कुठे आहे.

मग पेटीतून नुसती खरखर. पापलेट नाही, बोंबील नाही. आईने माझा हात धरला होता आणि तिच्या हाताला ताडाचा चीक लागलेला होता.

घोगरा आवाज परत आला. “लाहू विचारतो, सगळे बरे म्हणजे सगळे ना?”

“बधा.”

“तो म्हणतो, मग ठीक. थांबा.”

तेवढ्यात दुसरी कुठली तरी बोट मधे घुसली. कोणत्या लाहूची पोरगी, विचारत होती. तिसरी म्हणाली, अरे ती एवढीशी, होळीला माझ्या पायावर पाणी ओतलं ती. (ते खरं होतं.) मग कोणीतरी विचारलंच, मार्क किती पडले.

मी डोळे मिटले.

घोगरा आवाज म्हणाला, “लाहू म्हणतो, मार्क यायचेत. फॉर्म आधी भरतात. जूनमध्ये येतील, तवा सांगतो म्हणतो सगळ्यांना.”

बाबांचा आवाज मी ऐकलाच नाही. त्यांचं वाक्य एका अनोळखी माणसाच्या तोंडून, पन्नास मैल समुद्रावरून, वेरावळच्या टेबलावर पडून, तलासरीच्या नाक्यावर आलं. तरी ते बाबांचंच होतं. आईकडे बघितलं तर ती नुसती मान डोलवत होती, आपण सांगितलेलं काम नीट झाल्यासारखी.

शेवटी निरोप आला, फोन बाबल्याच्या शेडमध्ये आहे. बाबल्या हा कैनाडचा म्हातारा खलाशी, आता बोटीवर चढत नाही, बंदरावर जाळी विणतो. त्याच्या शेडमधल्या तांदळाच्या डब्यात, तांदळात पुरून, कारण तांदूळ ओल ओढून घेतो. मेहताजी कोणा पोऱ्याला न पाठवता स्वतःच उठून गेले. फोन आणला, बाबल्याही मागोमाग ऑफिसात आला. चार वाजून सतरा मिनिटं. फोन चार्ज नव्हता, लावला. चार पंचवीसला सुरू झाला आणि लॉक होता.

पुन्हा वायरलेस. पुन्हा घोगरा आवाज. वरच्या डाव्या ठिपक्यावरून सरळ खाली, मग उजवीकडे, तिथंच थांब. मेहताजींनी एकदा केलं, नाही उघडला. दोनदा केलं, नाही. तेव्हा बाबल्या म्हणाला की लाहू डावखुरा आहे, त्याचं डावं कुठलं ते आधी विचारा. विचारलं. तिसऱ्यांदा उघडला. आता अरबी समुद्रातल्या सगळ्या खलाशांना बाबांचा फोन उघडता येतो.

मी ओटीपी पुन्हा मागवला. चार पस्तीस. फोन नऊ दिवसांनी सुरू झालेला, त्यामुळे साचलेले निरोप धडाधड येऊ लागले, रिचार्ज, लॉटरी, बँक, रिचार्ज. मेहताजींचा चष्मा बाबल्याच्या शेडमध्ये राहिला होता म्हणून बाबल्याने वाचायला घेतलं. त्याला आकडे वाचता येतात, बोटींच्या कपाळावर लिहिलेले नंबर वाचून वाचून. त्याने सहा आकडे वाचले, मी भरले. चुकीचा. तो रिचार्जवाल्यांचा होता. तो म्हणाला, पोरी, इथं चाळीस जण मला नंबर देतात, तुझा कुठला ते सांग.

त्या वेळी आई पुढे वाकली आणि फोनशी बोलली. शांतपणे. “बाबल्यादादा, सगळ्यात खाली बघ. शेवटी आलेला. त्याच्यात पुण्याचं काय लिहिलंय का बघ. इंग्रजीत असेल, पहिलं अक्षर पोटात भोक असलेली काठी.”

तिसरीपर्यंत शिकलेली माझी आई. मी घरात मोठ्याने अभ्यास करते, विद्यापीठाचं पत्रक मी भिंतीला चिकटवलंय. ती रोज भाकरी थापताना ते बघत होती.

“हाये,” बाबल्या म्हणाला. “काठीला पोट हाये.” आणि सहा आकडे वाचले, एकेक, मधे श्वास घेत. मी भरले. बटण नविनभाईने नाही, मीच दाबलं. चार वाजून एक्केचाळीस मिनिटं. पडद्यावर हिरवी पट्टी आली: अर्ज स्वीकारला. खाली बारीक अक्षरांत, सीईटी स्कोर, प्रतीक्षेत.

दारातली गिऱ्हाइकं बोलायला लागली. नविनभाईने पावती छापून दोन प्रती काढल्या. मी आईच्या गळ्यात पडणार होते, पण ती फोनशी बोलत होती. मेहताजींना सांगत होती की लाहूला कळवा, भरला. नाहीतर तो आज जाळं ओढणार नाही. मेहताजी म्हणाले, वायरलेसची वेळ संपली, पण सांगतो. आणि आम्ही ऐकलं, पेटीतून, घोगऱ्या आवाजाने पुढे दिलेला एकच शब्द. भरला. मग दुसऱ्या बोटीने तो पुढे दिला, मग तिसऱ्या, ज्यांना द्यायची काही गरज नव्हती त्यांनीसुद्धा.

आई परत ताडगोळ्यांकडे गेली. अजून अर्धी टोपली उरली होती.

तिसऱ्या दिवशी मी तलासरीहून पाड्याकडे येणाऱ्या सहा आसनीत बसले होते. आत बारा जण. त्यात रूपेशही होता, वापीहून कामावरून परत येत होता. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे बंदराचा गोंगाट. त्या माणसाने नाव सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. म्हणाला की तो कुठल्याशा बोटीवरचा आहे, आत्ताच किनाऱ्याला लागला, माझा नंबर त्याने मेहताजींकडून घेतला. बोटीवरच्या सगळ्यांनी सांगितलंय की आधी हे विचारून ये. त्यांच्याकडे पैज लागली होती की मार्क आले असतील की नाही.

अशा गाडीत कोणाचाही फोन सगळ्यांचा असतो. रूपेश माझ्याकडे बघत होता, थट्टेने नाही, ज्याला पुढचं माहीत आहे तसा. मी हळू बोलू शकले असते. म्हणू शकले असते, काका, नंतर फोन करते.

“नाही आला अजून,” मी म्हटलं, रस्त्यावरच्या म्हशींनाही ऐकू जाईल एवढ्याने. “पुण्याच्या कॉलेजात अर्ज केलाय. संख्याशास्त्र. स्कोर जूनमध्ये. कमी आला तरी सांगेन.”

तो म्हणाला, बरं, मग जूनमध्ये करतो, आणि ठेवून दिला. रूपेशने थोडं सरकून मला नीट बसायला जागा केली आणि विचारलं की संख्याशास्त्र म्हणजे नक्की काय. पाडा येईपर्यंत मी त्याला लाल आणि पांढरे चेंडू समजावत होते.